तीन पाण्यांनी धुतलेले पोहे

गुरुजी, मायबाप हो, काकू, मावश्या हो. कामं टाकून तुमी सारे या पारावर आले, माह्या गेलेल्या आत्यासाठी. मले बोलता येत नाही. गुरुजींनी नाव घेतलं तवा वाटलं, उठावं आन् तसंच मोटारीच्या अड्ड्यावर जावं. एका जागी दोन घटका बसणारा मी नाही, गुरुजींले माहीत आहे. चवथीतून मी त्याहिच्याच हातून निसटलो. पण आज नाही बोललो त् मंग कधीच बोलणार नाही.

सकाळपासून ऐकून राह्यलो. पोरगा मुंबईले गेला पण आत्याले विसरला नाही, म्हणते. डबे पाठवत होता, म्हणते. तेच मले ऐकवत नाही. त्या डब्याचंच सांगतो.

पार्वतीआत्या माह्या बापाची बहीण. माय गेली तवा मी पाळण्यात होतो, आत्यानंच मोठं केलं. मुंबईले मी मक्याच्या पोह्याच्या कारखान्यात आहो. साहेब लोक सकाळी दुधात टाकून खाते ते कुरकुरीत पोहे. भट्टीतून निघाले का त्याच्यावर जीवनसत्त्वाचा फवारा मारते. रक्ताले लागते ते, डोळ्याले लागते ते, सारं त्यात असते. मी गावात सांगत होतो, तो फवारा मीच मारतो. खोटं होतं ते. मी डब्यावर कागद चिकटवतो.

पोळ्याले आलो तवा आत्याले सांजचं दिसत नव्हतं. दिवेलागणीले भिंत धरून चाले. चुलीवर रानातल्या तरोट्याची पालेभाजी होती.

मी म्हटलं, "काहून वं आत्या, ढोरावानी पाला खाऊन राह्यली?"

"तुह्या बापानं बी हाच पाला खाल्ला, बाबू. त्याले त् काही शिंगं आले नाही."

"हसू नोको. मी मुंबईचे पोहे पाठवतो. त्यात डोळ्याचं औषध असते. हा पाला सोड आता."

"बरं बाप्पा. तू शिकला-सवरला."

चवथी सोडलेल्या माणसाले शिकलेला म्हणणारी ती एकटीच होती. आन् तिनं खरंच पाला सोडला. शेजारच्या शेवंताकाकूनं चिवळीची भाजी दिली, शेवग्याचा पाला दिला, त् म्हणे, नोको वं, पोऱ्यानं नाही म्हटलं.

मी डबा पाठवला. मंग तिचं पत्र आलं. गुरुजी, तुमीच लिहून दिलं होतं ते. आठवते ना तुमाले? "डबा पोचला. पोहे धुवाचे का नाही ते कळव. दहा हात लागलेलं असते, न धुता मले खाववत नाही."

मले वाचता येत नाही धड. खोलीतल्या गड्यानं खानावळीत मोठ्यानं वाचलं. सारे हसले. तुही आत्या बिस्कूट बी धुत असंन, म्हणे. मी बी हसलो. साऱ्याहिच्यापेक्षा मोठ्यानं हसलो.

दुसऱ्या दिवशी फवाऱ्याच्या मिस्त्रीले सहज विचारलं. तो म्हणाला, "धुतले तर औषध सगळं पाण्यात गेलं. मग उरला नुसता मका."

म्हंजे मले उत्तर समजलं होतं. एक पोस्टकार्ड लिहाचं होतं. पण लिहून कोण देईन? जे हसले त्याहिलेच म्हणा लागलं असतं, लिहा बाप्पा, माही आत्या खरंच धुते. मले शरम वाटली. आज सांगू, उद्या सांगू. मंग खोली बदलली, पत्र हरपलं. दुसरा डबा पाठवला. डबा पाठवता आला मले. एक ओळ नाही पाठवता आली.

परवा शेवंताकाकूनं सांगतलं. आत्या ते पोहे तीन पाण्यांनी धुवे. पाणी पिवळं निघे, त् म्हणे, पाहाय, शयरातले लोक पोह्याले बी रंग लावते. मंग ते पाणी बकरीले पाजे.

हसा. मले बी हसू आलं होतं. आत्या असती त् तीच आधी हसली असती. बकरी मात्र कशी जाडजूड, साजरी झाली, आताच येताना पाह्यली तुमी.

आन् त्या मंगळवारी सांज होता होता आत्या पाण्याले गेली. विहिरीची पायरी दिसली नाही तिले.

डोळ्याले लागते ते पाल्यात बी असते, म्हणते. पाला खाल्ला असता त् तिले दिसलंच असतं, असं मी म्हणत नाही. ते डाक्टरले माहीत. पण पाला मी सोडाले लावला. आन् पोह्यातलं औषध धुतलं जाते हे मले माहीत होतं. तिनं विचारलं होतं. दुसरं काय मागितलं होतं तिनं माह्यापाशी?

तुमी मले चांगलं म्हणू नका. एवढंच मांगतो.

घरात एक डबा न फोडता राह्यला आहे. गुरुजी, तो शाळेतल्या लेकरांले द्या. कोरडाच द्या, धुवू नका.

आता थोडा वेळ सारे उगे बसू. तुमी तुमची आत्या आठवा. मी तवरक तिच्या पत्राचं उत्तर देतो. लिहिता येत नाही, म्हणून तोंडानंच सांगतो.

तीर्थरूप आत्याले साष्टांग नमस्कार. पत्र पोचलं. पोहे धुवू नोको. आन् तरोटा खात जाय.