मामाजीचा स्प्रिंगवाला गुडघा

हसू नका, तो गुडघ्याचा पट्टा म्या लई डोकं लावून बनवला होता. कामरगावात माहं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, स्प्रिंगांची काय कमी? माह्या सासऱ्याले, म्हंजे मामाजीले, खाली बसलं का उठता येत नव्हतं. म्हनून पट्ट्याले जुन्या शॉकअपची स्प्रिंग लावली. खटका दाबला का मानूस उभा!

पयली परीक्षा इंझोरीत, माह्या साळीच्या सासरी, रोडग्याच्या पंगतीत. म्या म्हटलं, "मामाजी, खुर्ची घ्या."

"पोरीच्या सासरी खुर्चीवर जेवू? लोकं म्हातारा म्हनतीन!"

बसले. अन् खटका अडकला. धोतराच्या आतला पट्टा चारचौघात सोडता येते काय? पंगत उठली, मामाजी तिथंच. इवायाले, म्हंजे साळीच्या सासऱ्याले वाटलं, भूक बाकी हाये. "वाढा रे पाव्हन्याले!" दुसऱ्या पंगतीत दोन रोडगे, तिसरीत आनखी दोन. मामाजी घामानं डबडबले, पन "अडकलो" म्हनायले तयार नाई.

शेवटी म्या बाजूले बसून हळूच पाना घातला. मामाजी हातातल्या रोडग्यासकट ताडकन उभे!

बाहेर आल्यावर भीत भीत इचारलं, "गुडघा कसा हाये?"

"गुडघ्याले काय धाड भरली, जवाईबापू? आता पोट उचलाची मशीन बनवा!"