हिरव्या बनातीची पेटी

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. ऐकायला सोपा — सोपा नाही! आपण घर घेतो, दागिना घेतो, जुन्या बाजारातून एखादी समई आणतो. तेव्हा आपण नेमकं काय मिळवतो? तुम्ही म्हणाल, "बुवा, वस्तू मिळवतो, आणखी काय!" बरं. घाई नको. आधी गोष्ट ऐका.

मिरजेला दिनकरराव टेंबे नावाचे गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. माणूस सज्जन, साधी सुपारी खायचे नाहीत! पण छंद एकच — ठासणीची जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायची. काडतुसं निघण्याच्या आधीची. फिरत्या चक्राच्या एकेका घरात दारू ओता, वर शिशाची गोळी ठासा, मागं ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवा — एवढी षोडशोपचार पूजा झाली, की मग बार! सगळ्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद होती हं. नाहीतर माझ्या कीर्तनातून उठून कुणी चौकीवर जायचा!

आणि नुसतं रिव्हॉल्व्हर त्यांना चालायचं नाही. मूळ पेटीसकट हवं. पेटी म्हणजे — आमचे गोपाळराव वाजवतात ती नव्हे! लाकडी, आतून हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावलेली. मधोमध रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा खळगा. शेजारी दारूच्या कुपीला कप्पा, गोळ्या ओतायच्या साच्याला कप्पा, टोप्यांच्या डबीला कप्पा. प्रत्येक वस्तूला तिची जागा. दिनकरराव म्हणायचे, "पेटीवाचून रिव्हॉल्व्हर म्हणजे देव्हाऱ्यावाचून देव!" त्यांच्या पत्नी मालतीबाई म्हणायच्या, "आमच्या देवांना मात्र साधं फडताळ!"

तर त्यांच्याकडं एक फार सुंदर रिव्हॉल्व्हर होतं — पण बिनपेटीचं. कुठल्याशा लिलावातून फिरत फिरत आलेलं. मुठीवर कुणीतरी चांदीची कोयरी बसवून घेतलेली. दिनकररावांना ती कोयरी खुपायची. "मूळची नाही. कुण्या हौशी माणसाचा उद्योग!" तो हौशी माणूस कोण, हे विचारलं का कधी? नाही! आपण तरी विचारतो का?

एके दिवशी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणाला, "साहेब, आजऱ्याच्या अलीकडं एका घरात हिरव्या बनातीची पेटी बघितली. आत पिस्तुलाचा खळगा आहे. दोन म्हाताऱ्या बायका राहतात."

झालं! दिनकररावांनी रिव्हॉल्व्हर मऊ फडक्यात गुंडाळलं, कागद खिशात घातले, मालतीबाईंना गाडीत बसवलं — निघाले. मुलगी बघायला जाताना नसेल एवढी छातीत धडधड!

घर इंगवल्यांचं. दारात थोरल्या हौसाबाई. "या की. बसा. पानी घ्या." आत खिडकीपाशी धाकटी जाऊ सोजरबाई चोळीला गुंड्या लावत बसलेली. आणि तिच्या मांडीशी — तीच पेटी! दारूच्या कुपीच्या कप्प्यात रिळं. टोप्यांच्या कप्प्यात सुया. साच्याच्या जागी कात्री. सगळे कप्पे भरलेले. खळगा तेवढा रिकामा. त्यात एक टाचणीसुद्धा ठेवलेली नाही.

मालतीबाईंना ते दिसलं. दिनकररावांना? त्यांना फक्त खळग्याचं माप दिसलं!

म्हणाले, "आजी, ही पेटी मला द्याल का? हिच्यात बसणारी वस्तू बहुतेक माझ्याकडं आहे." आणि मोठ्या हौसेनं फडकं उलगडलं.

हौसाबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला.

"कोयरी..." त्या म्हणाल्या. "आमच्या मालकांनी बसवून घेतली व्हती. कुठनं आणलंसा हे? कशापायी आणलंसा?"

मंडळी, काय झालं होतं ते आता सांगतो. फार वर्षांपूर्वीचा दसरा. अंगणात शस्त्रपूजा झालेली. हौसाबाईंचा नवरा दत्ताजीराव मानाचा बार काढायला उभा राहिला. नुसती दारू भरली आहे, असा त्याचा समज. पण चक्राच्या एका घरात कधीची तरी गोळीसकट ठासलेली जुनी, सर्द दारू राहून गेली होती. चाप ओढला — बार निघेना. काय झालं म्हणून बघायला त्यानं हात खाली घेतला, आणि उशिरानं बार झाला! समोर धाकटा भाऊ उभा, हातात आपट्याची पानं. सख्खा भाऊ हो! जागच्या जागी गेला. त्याची बायको नुकती लग्न होऊन आलेली — हीच सोजरबाई.

पोलिसांनी चौकशी केली, अपघात ठरला. रिव्हॉल्व्हर परत आणायला घरातून कुणी गेलं नाही. आणि दत्ताजीरावानं घरात एकच सांगितलं, "त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं न्हाई." राग नव्हता तो. सोसवत नव्हतं बिचाऱ्याला. पण तो होता तोवर नाव निघालं नाही, आणि तो गेल्यावर नाव घ्यायची सवयच उरली नव्हती. भिंतीवर फोटो नाही, श्राद्धाला भटजींनी घ्यावं तेवढंच नाव. दोघी जावा एका चुलीवर म्हाताऱ्या झाल्या, एकमेकींची दुखणी काढली — पण हा विषय? कधी नाही!

हे सगळं हौसाबाईंनी जमिनीकडं बघत सांगितलं. दिनकरराव फडकं पुन्हा गुंडाळू लागले. "माफ करा आजी. मला ठाऊक असतं तर—"

"थांबा," सोजरबाई म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "बघू द्या मला."

दिनकररावांनी मालतीबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. सोजरबाईनं ते दोन्ही हातांत घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली —

"एवढंसंच व्हतं व्हय?"

अहो, आयुष्यभर तिच्या मनात ते केवढं मोठं होऊन बसलं होतं! आणि हातात आलं, तर तिच्या शिवणाच्या कात्रीहून थोडंसं मोठं.

तिनं ते हळूच खळग्यात ठेवलं. चपखल बसलं. दिनकररावांच्या मनात आनंदाची उकळी आली — आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

तशीच मान खाली घालून त्यांनी विचारलं, "त्यांचं... नाव काय होतं?"

थोरल्या जावेनं डोळ्याला पदर लावला. सोजरबाई म्हणाली, "नवऱ्याचं नाव बायकांनी घेऊ न्हाई म्हणत्यात. लग्नात उंबऱ्यावर उखाण्यात घेतलं, तेवढंच." मग तिनं पेटीवर हात ठेवला. "खंडेराव. खंडेराव बळवंतराव इंगवले."

हौसाबाई उठल्या. जावेजवळ जाऊन बसल्या. "सोजरे, लई आधी घ्याया पायजे व्हतं गं आपण." आणि दोघी रडल्या. रडू द्या मंडळी. ते रडणं फार दिवस अडलेलं होतं.

जाताना सोजरबाईनंच पेटी पुढं केली. "न्या. तुमच्याकडं लोक बघाया येत्यात न्हवं? त्यांना काय सांगता?"

"कोणत्या साली घडवलं, कुठं घडवलं, गोळी केवढी..."

"मग ह्यांचं नाव पण सांगत जावा."

पैसे घेतले नाहीत, असं मी सांगणार नाही. घेतले! छपराचे पत्रे बदलायचे होते. आणि मालतीबाईंनी नंतर शिवणाचा नवा डबा पाठवला, तोही ठेवून घेतला.

पुढं दिनकररावांनी शब्द पाळला. कुणी बघायला आलं, की साल सांगायच्या आधी ते नाव सांगायचे. एक मोठा संग्राहक म्हणाला, "अहो, बनातीला सुयांची भोकं आहेत, ती बदला. आणि हे माणूस मेल्याचं कशाला सांगता?" दिनकरराव म्हणाले, "भोकंही सोजरबाईंचीच आणि माणूसही त्यांचाच. बदलणार नाही." त्यानंतर त्यांनी नवं रिव्हॉल्व्हर घेतलं नाही. कपाटात होती, ती कुणाकुणाच्या घरातली होती, हे शोधत बसले. काहींची माणसं सापडली. पुष्कळांची नाही.

एकदा दोघी जावा मिरजेला आल्या. बाहेरच्या खोलीत दिनकरराव पाहुण्यांना तीच हकिकत सांगत होते. सोजरबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. परक्या माणसाच्या तोंडून, मोठ्यानं, पूर्ण नाव! ऐकून झालं, तशी पुढं आली.

"सायेब, एक ऱ्हायलं बगा."

"काय आजी?"

"बार हुईना म्हणून थोरल्या भावाची थट्टा करत व्हते. हसत व्हते. तेवढं पण सांगत जावा."

मंडळी, वस्तू मिळवली म्हणजे काय मिळवलं, ते आता तुम्हीच सांगा. पण त्याआधी दुसरं विचारतो. तुमच्या घरात असं एखादं नाव आहे का, जे कुणी घेत नाही? विहीर जवळ केलेली सून, भांडून निघून गेलेला भाऊ, पाळण्यातच गेलेलं लेकरू? आपण इथं टाळ्या वाजवून देवाचं नाव घेतो. तो ऐकतोच आहे, तो कुठं रुसतोय! आज घरी जा, पान वाढा, आणि जेवताना ते दुसरं नाव घ्या. मोठ्यानं घ्या. आणि ते माणूस कसं हसायचं, तेही पोरांना सांगा. देव तिथंही येऊन बसेल.

गोपाळराव, धरा सूर!