शनिवारची गळ

जमलेली वडीलधारी मंडळी, बाईंच्या घरची माणसं आणि शाळेची लेकरं, सगळ्यांना नमस्कार. मी रशीद. पालीच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे, निम्म्या गावाच्या गाड्या माझ्याच हाताखालून जातात. जगताप बाईंबद्दल तू बोल, म्हणून सगळ्यांनी मला पुढं ढकललं. माझी सवय हाताला ग्रीस लावायची, माईक धरायची नाही. त्यात हे असलं बोलायचं म्हणजे जिवावर येतं. पण बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "रशीद, पाल्हाळ नको. मुद्द्याचं बोल." तर मुद्द्याचं बोलतो.

बाईंच्या वर्गात दर शनिवारी गळ असायची. हे नाव माझ्यामुळं पडलं. मी शाळा बुडवून धरणावर मासे धरायला जायचो. एकदा बाईंनी पकडलं. "कुठं गेलतास?" म्हटलं, "धरणावर, गळ टाकायला." आता छडी बसणार, म्हणून हात पुढं केला. तर बाई विचारतात, "मासा गळाला कावून लागतो रे?"

"किडा दिसतो म्हणून, बाई."

"आन् काटा?"

"काटा दिसल्यावर मासा कावून येईल?"

बाई हसल्या. वर्गाला म्हणाल्या, "ऐकलं का? पुस्तक सांगायचं ते असं. थोडं दाखवायचं, शेवट झाकायचा." झालं. तेव्हापासून एखाद्या लेकरानं दुसऱ्या लेकराला 'हे पुस्तक वाच' म्हणून सांगायचं, त्याचं नाव गळ. शेवट फोडायचा नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम अवघड होता. एक पोरगं उभं राहून म्हणालं, "लई भारी पुस्तक हाय, सगळ्यांनी वाचा." बाई म्हणाल्या, "सगळे म्हंजे कोण? सगळ्याचं आडनाव काय?" हसून हसून आमची पोटं दुखली. पण बाईंचं म्हणणं पक्कं होतं. गळ एकाच्या नावानं घालायची. नाव घ्यायचं, आणि कावून ते सांगायचं. याच लेकरानं हे पुस्तक का वाचावं?

माझं नाव कितीतरी दिवस कुणी घेतलं नाही. मी काय वाचणारा गडी? तरी दर शनिवारी कान टवकारून बसायचो, खोटं कशाला बोलू. मग एका शनिवारी सुनीता उठली. ती आता परळीला सासरी असते. म्हणाली, "ही गळ रशीदला. कावून, तर ह्यातलं पोरगंबी एकलंच पाण्याकाठी बसतंय." मी एकटा बसतो हे कुणी बघितलंय, हेच मला ठाऊक नव्हतं. पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं.

बाई रिटायर झाल्या तरी गळ थांबली नाही. त्यांच्या ओसरीवर पुस्तकांची पेटी आली. पुस्तकं त्या बीडहून आणायच्या, आधी स्वतः वाचायच्या, मगच पेटीत ठेवायच्या. म्हणायच्या, "चाखल्याबिगर लेकराला घास देऊ न्हाई." आमच्या लेकरांनी, मग शेजारपाजारच्या लेकरांनी, त्याच पेटीतून एकमेकांना गळ घातली.

मग बाईंची नजर गेली. पुढं अंथरूण धरलं. शेवटी शेवटी जेवायला मागत नव्हत्या, फारसं बोलत नव्हत्या. म्हणाल्या, "मला आता कुणी काय सांगू नका." लेकरं शनिवारी यायची, ओसरीवर बसायची आणि हळू आवाजात बोलून जायची.

त्यातली एक कोमल. ती बघा, पुढं बसली आहे. पाचवीत आहे. आई-बाप शिरूर कासारचे, ऊस तोडायला गेले की ती इथं आत्याकडं राहते. ती एका शनिवारी पुस्तक घेऊन सरळ आत आली आणि खाटेजवळ उभी राहिली; मी आणि घरची माणसं तिथंच होतो. पुस्तकाचं नाव सांगून म्हणाली, "बाई, ही गळ तुमाला."

एवढ्या वर्षांत बाईंचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाल्या, "मला? कावून गं?"

कोमल म्हणाली, "ह्यातली म्हातारी लई आजारी पडती. पर शेवटी उठून बसती. मरत न्हाई."

आम्ही सगळे चपापलो. पोरीनं शेवटच फोडला! पण बाई हसल्या. लई दिवसांनी हसल्या. "अगं, शेवट फोडलास की!" आणि मला म्हणाल्या, "रशीद, वाच."

मी रोज गॅरेज बंद करून जायचो आणि वाचायचो. ऐकता ऐकता बाई चार घास खिचडी खायच्या. पुस्तक निम्म्यावर आलं आणि बाई गेल्या.

दप्तर पाठीवर घेऊन कोमल गॅरेजवर आली. "मामा, पुस्तक द्या माघारी." म्हटलं, शेवट राहिलाय, वाचून देतो. "नका वाचू," म्हणाली, आणि रडायलाच लागली. मी वाचलं. मंडळी, त्या पुस्तकातली म्हातारी मरते. कोमल म्हणाली, "मी बाईंसंगं खोटं बोलले." त्या दिवसापासून ती शनिवारी येत नाही. पेटीला हात लावत नाही.

हे सगळ्यांसमोर सांगू का, असं मी तिला विचारलं होतं. ती 'सांगा' म्हणाली. पण पुढचं मी तिला सांगितलेलं नाही. काल पेटी आवरताना माझ्याच डोक्यात उजेड पडला.

कोमल, इकडं बघ बाळा. ते पुस्तक कुठून घेतलं होतंस? पेटीतूनच ना? आणि वाचल्याबिगर बाईंनी पेटीत पुस्तक ठेवलं का कधी?

बाईंना शेवट ठाऊक होता. तू बोललीस तेव्हाच ठाऊक होता. ठाऊक असून त्या हसल्या, आणि ठाऊक असून 'वाच' म्हणाल्या. तू शेवट फोडला नाहीस, पोरी. आणि तुझं गुपित बाईंनीही फोडलं नाही.

शनिवारी ये. पेटी आता माझ्या गॅरेजवर राहील.

मंडळी, आपण दोन मिनिटं उभं राहू. नुसतं उभं राहू नका. गळ घालायला मनात एका लेकराचं नाव घ्या, आणि कावून, तेही ठरवा. 'सगळ्यांसाठी' म्हणाल, तर बाई आडनाव विचारतील.

उठा.