रॅम्प असलेली व्हॅन

डुलुथ शहरात, मोडक्या गाड्या ओढून आणून ठेवतात त्या टोइंग यार्डाच्या प्रतीक्षागृहात लेनोर आपला नंबर येण्याची वाट पाहत होती. खिडकीबाहेर चेपलेल्या गाड्यांवर बर्फ निमूटपणे उतरत होता, जणू झाकण्यासारखं अजून बरंच उरलं होतं. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांच्या घरापुढे उभ्या असलेल्या व्हॅनला ट्रकने चिरडलं होतं; तिच्यातलं सामान न्यायला त्या आल्या होत्या.

"मार्लिसताई, विमा कंपनीच्या कागदावर सही करून मोकळी हो. तुझा मुलगा कोरी किती दिवस घरात कोंडून राहणार?"

"म्हणूनच करत नाही, बेव्ह. साध्या व्हॅनचा भाव लावलाय त्यांनी. चाकाची खुर्ची आत चढवणारा रॅम्प काय हवेत विरला?"

"ते म्हणतात, तशाच तीन गाड्या बघून भाव काढलाय."

"तशाच? थांब, लागला फोन. हॅलो... हो, पुन्हा मीच. त्या तीन गाड्या कुठे उभ्या आहेत, तेवढं सांगा."

"ताई, हळू. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. नाही हो, तक्रार कसली? गुरुवारी माझ्या मुलाला खुर्चीसकट तिथे आणते. तुम्हीही या. एकीत जरी तो आपला आपण चढला, तर तिथल्या तिथे सही करते."

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, मुलाला तिथवर आणणार कशातून?"

"मग?"

"मग काय! अहो साहेब, दोन आठवडे मी तुम्हाला तेच तर विचारतेय."