वस्तरे बुडवायचं पाणी

डॉक्टर : तपासून झालं, आता लाजायचं काय राहिलं? लिंगाची पुढची कातडी लाल झालीय, सुजलीय, चिरा पडल्यात. कधीपासून?

नवरा : महिना झाला असेल.

बायको : महिना! आणि मला सांगितलंत, पाठ धरलीय म्हणून बाहेरच्या खोलीत झोपतो? अहो, मी काय काय मनात आणलं!

नवरा : तू तेच आणशील, म्हणूनच बोललो नाही. डॉक्टर, शप्पथ सांगतो, मी कुठं गेलेलो नाही.

डॉक्टर : मी विचारलं का? दर वेळी तसलंच काही असतं असं नाही. साबणानं होतं, ओल राहिली की होतं, बुरशीनं होतं. लावलंत काय यावर?

नवरा : माझ्या सलूनमधलं... वस्तरे बुडवतो ते.

बायको : ते निळं पाणी?

नवरा : पातळ न करता. सकाळ-संध्याकाळ.

बायको : अगं आई गं! ज्याला हातमोज्याशिवाय शिवत नाही तुम्ही, ते तिथं?

नवरा : वस्तऱ्यावरचे जंतू मरतात, म्हटलं इथलेही मरतील.

डॉक्टर : जंतूंचं राहू द्या, कातडी पोळलीय! ते आजपासून बंद. नुसतं कोमट पाणी, हलक्या हातानं कोरडं करायचं. साबण नको, कातडीची ओढाताण नको. मलम देते. पण मुळात सुरू कशानं झालं? तहान फार लागते?

बायको : तहान? तांब्या भरून ठेवावा तर रिकामा! आणि सारखं लघवीला.

डॉक्टर : बोट पुढे करा.

(सुई टोचते. यंत्र वाजतं. डॉक्टर आकडा दोनदा बघतात.)

नवरा : काय झालं?

डॉक्टर : साखर. तीनशेच्या वर. उद्या उपाशीपोटी रक्त देऊन पक्कं करू, पण मला फारशी शंका नाही.

नवरा : मला? अहो, आमच्या घरात म्हाताऱ्यांनासुद्धा नाही! मी अजून पस्तिशीचासुद्धा नाही!

डॉक्टर : साखर लघवीत उतरते, तिच्यावर बुरशी पोसते. कित्येक पुरुषांना पहिली खूण तिथंच दिसते. आणि लाजेपायी ते ती दडवतात.

बायको : आणि मी कुठल्या तरी बाईच्या नावानं बोटं मोडत होते...

डॉक्टर : तुम्हालाही खाज असेल तर सांगा, दोघांना औषध घ्यावं लागेल. आता नीट ऐका. गोळ्या कधी घ्यायच्या, काय खायचं—

बायको : थांबा, डॉक्टर. मला सांगा, सावकाश. त्यांच्या कानात आत्ता काही शिरत नाहीये.