गॅसवर एक, दारावर एक

वडिलांना तपासायला आत नेल्यावर दवाखान्याच्या बाकावरचे बहीणभाऊ बोलू लागले.

"ऑफिसात एआयकडून कोड लिहून घेतो ना, ताई, त्याला फाईलवार नियम द्यावे लागतात. सगळे एकदम दिले की घोळ घालतो. जी फाईल उघडेल, तिचेच नियम वाचतो."

"त्याचं काय आत्ता?"

"बाबांचंही तसंच केलंय. गॅसवर चिठ्ठी, पेटवू नका. बाहेरच्या दारावर, एकटे जाऊ नका. तिथे गेले की वाचतात, ऐकतातही."

"मग बरंय की."

"परवा माझ्या खोलीच्या दारावर लावली, इथे तुमचा मुलगा राहतो."

"वाचली?"

"मोठ्यानं वाचली. मग दार वाजवलं. मी उघडलं, तर मलाच विचारतात, आहे का हो तो घरात?"

"काय सांगितलंस?"

"बाहेर गेलाय म्हटलं."