मुरारजी पेठेतील मधली भिंत काढल्याबाबत

दिनांक १४ मे १९७८, रविवार.

माझे नाव शिवशरण सिद्धाराम उंबरजे, वय ३४ वर्षे, धंदा एस.टी.त कंडक्टर, राहणार मुरारजी पेठ, सोलापूर. मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो, ते येणेप्रमाणे:

मी वरील पत्त्यावर पत्नी रत्नम्मा हिच्यासह राहतो. आमच्या वडिलांनी बांधलेल्या बिल्डिंगमध्ये दोन दुमजली ब्लॉक आहेत. एकात माझे थोरले भाऊ शिवलिंगप्पा राहतात, दुसरा माझा. वाटणी होऊन बरीच वर्षे झाली, त्याबद्दल आमचा वाद नाही. माझ्या ब्लॉकमध्ये खाली एकामागे एक तीन खोल्या होत्या. पुढे बैठकीची, मध्ये अंधारी, मागे स्वयंपाकघर. वर दोन खोल्या. वर जाण्यास बाजूने जिना, जिन्याला खाली दार. आता खाली खोल्या राहिलेल्या नाहीत. एकच सलग जागा झाली आहे, आणि ती कशी दिसते हे साहेबांनी एकदा स्वतः येऊन पाहावे अशी माझी विनंती आहे. यावर जमादारसाहेबांनी मला घटनेपुरते सांगण्यास समज दिली. परंतु भिंत कशासाठी काढली हे सांगितल्याशिवाय घटना कळणार नाही, म्हणून तेवढे लिहून घ्यावे असे मी म्हणालो.

माझ्या पत्नीस ऐकू येत नाही. आमची मुलगी चन्नम्मा सहा महिन्यांची असताना पत्नीला विषमज्वर झाला व त्यात तिचे दोन्ही कान गेले. ती बोलते, कानडी व मराठी दोन्ही. समोरच्याचे ओठ पाहून तिला बहुतेक सगळे समजते. पाठीमागून बोललेले समजत नाही. भिंतीच्या पलीकडे काय चालले आहे, ते तर मुळीच नाही.

मुलगी दोन वर्षांची असताना वरच्या खोलीत खेळत होती. तिने आतून दाराची खालची कडी सरकवली आणि मग तिला ती उघडता येईना. मी ड्यूटीवर होतो. पत्नी खाली भाकरी करत होती. पोरीचे रडणे सगळ्या गल्लीला ऐकू गेले. अण्णा, म्हणजे भाऊ शिवलिंगप्पा, धावत आले आणि त्यांनी दार फोडले. ते मुलीला घेऊन खाली आले तेव्हा पत्नी तव्यावरची भाकरी उलटत होती. मान वर करून तिने विचारले, काय झालं? हे मला अण्णांनी सांगितले. पत्नीने त्या दिवसाबद्दल मला काही सांगितलेले नाही.

त्यानंतर आमच्या आई गिरिजाबाई, ज्यांना आम्ही अव्वा म्हणतो, अक्कलकोटच्या पुढच्या मैंदर्गी गावाहून आल्या व नातीला सोबत घेऊन गेल्या. कोणी कोणाला वाईट बोलले नाही. मुलीच्या कपड्यांचे गाठोडे पत्नीनेच बांधून दिले. तेव्हापासून मुलगी मैंदर्गीस आहे.

माझी ड्यूटी मैंदर्गीच्या गाडीवर असली की पत्नी त्याच गाडीने जाऊन मुलीला भेटून येत असे. जाताना ती पुढच्या बाकावर बसायची आणि येताना मागच्या. येताना खिडकीबाहेर तोंड करून बसायची, म्हणजे कोणी बोलले तरी तिला कळू नये. गेल्या पौषात असेच परत येत असता, अक्कलकोट सोडल्यावर, ती मला हाताने खुणावून म्हणाली, "अहो, हितं बसल्यावर मला सगळी गाडी दिसते. कोण उठलं, कोण पोराला पाजायलंय, कोण भांडायलंय. ह्या गाडीत मी बहिरी न्हाई."

मी तिकिटे फाडायचे विसरून तिच्याकडे पाहत राहिलो. मग मी गाडीकडे पाहिले. दारापासून मागच्या बाकापर्यंत एकही भिंत नव्हती. रोज त्या गाडीत उभा असून मला ते कधी दिसले नव्हते. सोलापूर स्टँड येईपर्यंत माझ्या डोक्यात आमच्या घराच्या दोन भिंती पडूनही गेल्या होत्या.

गवंडी कोंडीबा, राहणार बाळे, यास मी घर दाखवले. मधल्या खोलीच्या दोन्ही भिंती काढायच्या, चुलीपासून पुढच्या दारापर्यंत सरळ दिसले पाहिजे, असे सांगितले. घरात येणाऱ्या पाहुण्याला स्वयंपाकघर उघडे दिसेल, बायकांची चूल बैठकीतून दिसणे बरे नाही, असे तो म्हणाला. मी म्हणालो, दिसू दे. मग त्याने वर पाहिले आणि म्हणाला, "मालक, आदी गर्डर, मग हातोडा. न्हायतर वरचं समदं आपल्या डोस्क्यावर येतंय." त्याप्रमाणे लोखंडी गर्डर आणले, टेकू दिले, गर्डर चढवले, आणि त्यानंतरच भिंतीला हात लावला. हे मुद्दाम सांगतो, कारण घाईने किंवा बेफिकिरीने काम केले असा माझ्यावर आरोप आहे.

पहिले भोक पडले ते सकाळी, बैठकीकडच्या उघड्या दाराच्या रेषेत. स्वयंपाकघराच्या बाजूने पत्नी उभी होती. चारदोन विटा निघाल्या आणि पुढच्या दारातले ऊन सरळ तिच्या चुलीवर आले. तिने त्या भोकाला तोंड लावले, थोडा वेळ पाहिले, आणि मला म्हणाली, गवळी आलाय, भांडे द्या. मी मागे वळून पाहिले तर खरोखरच गवळी दारात उभा होता. त्याने अजून हाकही मारली नव्हती. आम्ही दोघे इतके हसलो की कोंडीबाने काम थांबवले. त्यानंतर पत्नी दिवसभर सांगत राहिली. टपालवाला आला. अण्णांची सून बाजारातून आली. मांजर आले. मला जे ऐकू येत होते त्याच्या आधी तिला दिसत होते. दोन्ही भिंती गेल्या त्या संध्याकाळी पुढचे-मागचे दार उघडले, तेव्हा मे महिन्यात आमच्या घरात वारा आला. आम्ही जमिनीवर बसून जेवलो आणि धुळीने भाकरी करकरत होती, तरी पत्नीने एरवीपेक्षा जास्त खाल्ली.

जेवताना ती म्हणाली, "आणि वर?" मुलगी वर खेळेल, हे ती बोलली नाही. मला समजले.

म्हणून वरच्या जमिनीतल्या, म्हणजे मधल्या खोलीवरच्या, काही शहाबादी फरश्या काढून तिथे मोकळी जागा ठेवायची व भोवती लोखंडी कठडा बसवायचा असे ठरले. खालून वर मान केली की वरचा मजला दिसावा, असा उद्देश. कठडा लोहाराकडे तयार आहे, तो उद्या बसणार होता.

अण्णांना हे काम सुरुवातीपासून पसंत नव्हते. बिल्डिंग एक आहे, माझे पडले तर त्यांचेही पडेल, असे त्यांचे म्हणणे. ते म्हणणे वावगे नाही. मी त्यांना गर्डर दाखवले, त्यांनी पाहिले नाहीत. त्यांनी मैंदर्गीस निरोप धाडला की शिवशरण घर फोडायला लागलाय, तुम्ही या.

आज रोजी माझी साप्ताहिक सुटी होती. वर काही फरश्या निघून मोकळी जागा झाली होती, आणि कोंडीबा तिच्या काठच्या फरश्या सैल करत होता. सकाळच्या गाडीने अव्वा आल्या, बरोबर मुलीला व तिच्या कपड्यांचे गाठोडे घेऊन. मुलगी आता चार वर्षांची आहे, ती या घरात बऱ्याच काळाने आली. पत्नी चुलीपाशी होती. तिने पुढच्या दारातून मुलगी आत येताना पाहिली, पिठाच्या हातांनीच पुढे धावली. मुलीच्या दोन्ही गालांना पीठ लागले. मी हे सांगतो कारण तो क्षण पाहावा म्हणूनच भिंत काढली होती.

अव्वांनी घर पाहिले व कपाळावर हात मारला. तेवढ्यात अण्णाही आले. आम्ही तिघे बैठकीच्या जागी उभे राहून बोलू लागलो व आमचे आवाज चढले. मी त्यांना वरचे काम दाखवतो म्हणून जिन्याचे दार उघडले होते, पण वादात ते तसेच राहिले. दार बंद ठेवण्यास कोंडीबाने बजावले होते, त्याचा यात काही दोष नाही. वरून हातोडा चालू होता. आम्हां तिघांना कान होते. मुलगी जिना चढून वर गेली हे आम्हां तिघांपैकी कोणालाही कळले नाही.

पत्नीला कळले. ती परत चुलीकडे गेली होती. तिने मान वर केली तेव्हा मोकळ्या जागेच्या काठावर तिला मुलीचे पाय दिसले. कोंडीबा पलीकडच्या बाजूला पाठमोरा होता. ती ओरडली नाही. ती चालत येऊन बरोबर त्या मोकळ्या जागेखाली उभी राहिली आणि एरवी जसे बोलते तसे, वर पाहून म्हणाली, "अल्ले कुंद्रु, चन्नी." म्हणजे, तिथेच बस. तिचा आवाज ऐकून आम्ही वळलो. मुलगी काठावर बसली, पाय खाली सोडून, आणि आईकडे बघून हसायला लागली.

ज्या फरशीवर ती बसली होती ती कोंडीबाने सैल करून ठेवलेली होती. मला ती हलताना दिसली. मी पत्नीच्या पाठीमागे होतो, पुढे सरकणार तोच मुलगी खाली पडली. पत्नीने तिला दोन्ही हातांत झेलले. त्याच वेळी फरशी कलली. अण्णा माझ्या आधी पुढे झाले. त्यांनी पत्नीला व मुलीला एकदम चुलीच्या दिशेला ढकलून दिले आणि फरशी ते उभे होते तिथे येऊन फुटली. तिची कपची उडून अण्णांच्या भुवईवर लागली व रक्त आले.

अण्णांनी आपल्या तक्रारीत भावाने अंगावर फरशी टाकली असे लिहून दिल्याचे मला येथे समजले. फरशी कोणी टाकलेली नाही. माणूस रागात आणि भीतीत बोलतो. परंतु त्यांनी माझ्या पत्नीला व मुलीला बाजूला केले, हे त्यांनी स्वतः सांगितले नसणार. म्हणून ते मी सांगतो. ते लिहून घ्यावे. माझी त्यांच्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही. ते दवाखान्यात टाके घालून घेण्यास गेले आहेत, सोबत त्यांची सून आहे.

आवाजाने गल्लीतले लोक गोळा झाले. घर पडले असे कोणीतरी बाहेर ओरडले. घर पडलेले नाही. गर्डर जागेवर आहेत, टेकूसुद्धा हललेला नाही.

लोक गेल्यावर अव्वा पत्नीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "ह्या भोकातनं पोर गेली असती. आजच्या आज बुजवा."

पत्नीने त्यांचे बोलणे ओठांवरून वाचले. मुलगी तिच्या कडेवर होती. ती म्हणाली, "व्हय अत्ती, गेली असती. पण मला दिसत होती की. त्या दिवशी दिसली नव्हती."

अव्वांनी पदर खोचला आणि जिना चढून वर गेल्या. आम्हाला वाटले, वरचे पाहून झाले की नातीला परत नेणार. वरून त्यांनी मला हाक मारून पाट मागवला. तो त्यांनी मोकळ्या जागेच्या काठाशी टाकला आणि त्यावर बसल्या. कोंडीबाला म्हणाल्या, कठडा बसेपर्यंत मी हितंच हाय. मुलीचे कपडे कुठे ठेवायचे असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ठेव की तुमच्या घरात, मला काय इचारतोस.

मी इकडे येईपर्यंत त्या तिथेच बसलेल्या होत्या. खालून मान वर केली की दिसत होत्या.

काम बंद करण्याचा हुकूम होऊ नये, कठडा उद्या बसवून घेण्याची परवानगी असावी, आणि चौकशीसाठी साहेबांनी घरी यावे, चहा होईल, एवढे माझे सांगणे आहे.

वर लिहिलेले सर्व जमादारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. पत्नी रत्नम्मा मुलीला मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसलेली असल्याने व तिने तशी विनंती केल्याने, साहेबांनी तिच्याकडे तोंड करून सावकाश पुन्हा वाचले. तिने एके ठिकाणी हात वर करून थांबवले. "मुलगी खाली पडली" हे चूक आहे, असे तिचे म्हणणे. मी पाठीमागे असल्याने मला तिचे हात दिसले नव्हते. दोन्ही हात वर पसरून मुलीला बोलावल्याची खूण तिने साहेबांसमोर पुन्हा करून दाखवली आणि म्हणाली, "पडली न्हाई. मी ये म्हणाले, ती आली." ही दुरुस्ती मला मान्य आहे. दुरुस्तीसह हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला गेला आहे, म्हणून खाली सही करतो.

शिवशरण सिद्धाराम उंबरजे